एक्केचाळिसावा निखारा

माझ्या ब्लॉगला चार वाचक होते. अगदी मोजून चार; आणि मोजत मी नव्हतो, साइटच मोजते. त्यातला एक मी स्वतः, कारण आपलं लिहिलेलं नीट दिसतंय ना हे मी रोज सकाळी मोबाइलवर पाहतो आणि साइटला लेखक आणि वाचक यांतला फरक कळत नाही. दुसरा माझा मुलगा दिलमुराद, ताश्कंदला असतो. तो पोस्ट उघडतो आणि नऊ सेकंदांत मिटतो, हेही साइट दाखवते. बापाला दाखवू नयेत अशा काही गोष्टी जगात असतात, त्यातली ही एक. तिसरा कोणी तरी पोलंडमध्ये आहे. चौथा येतो-जातो.

माझी बायको सानोबर वाचत नाही. "तुमची खरबुजं मी चाळीस वर्षं कानांनी सोसली, आता डोळ्यांनाही कशाला त्रास?" असं तिचं म्हणणं आहे.

ब्लॉगचं नाव 'खरबुजांची वही'. मी बियाणं तपासणी कचेरीत एकतीस वर्षं होतो, निवृत्त होऊन सात झाली. माझ्या हद्दीत शिक्का नसलेलं एक बी कधी बाजारात विकलं गेलं नाही, हे मी अभिमानाने सांगत असे. हल्ली सांगत नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

वाचक मला नावासाठी नको होते. (निदान सुरुवातीला तरी नको होते. माणूस आहे, पुढे चटक लागते.) मला हवं होतं आयदीन. हे माझ्या आईच्या अंगणातलं खरबूज. साल पांढरी, देठाशी हिरवं कडं, आणि इतकं नाजूक की बाजूने गाडा गेला तरी तडकायचं. म्हणून ते बाजारात कधी पोचलं नाही आणि कुठल्या सरकारी नोंदवहीतही चढलं नाही. आई वीस वर्षांपूर्वी गेली आणि तिच्याबरोबर आयदीनही गेलं, असं मी ब्लॉगवर लिहिलं आहे. ते पूर्ण खरं नाही. खरं काय ते सांगेन, आत्ता धीर होत नाही. मी सदुसष्ट वर्षांचा आहे. एकदा, फक्त एकदा, ते वेलावर पाहायचं आहे, आणि तेही या उन्हाळ्यात, कारण पुढच्याचा भरवसा काय? जगात कुणाकडे तरी मूठभर बी असेलच. पण चार वाचकांत ते सापडणार कसं? त्यातला एक मी, आणि माझ्याकडे नाही हे मला माहीत होतं.

लिहिताना मला काही तरी चघळायला लागतं. सिगरेट सोडल्यापासून ती जागा पोश्शा मोमोच्या सुक्या खरबुजाने घेतली आहे. मोमो म्हणजे आजी; ही आमची शेजारीण, चौऱ्याऐंशी वर्षांची. दर शरदात खरबुजाच्या फाका वाळवून त्यांच्या वेण्या घालते आणि एक वेणी निळ्या ताटलीत ठेवून भिंतीवरून आमच्याकडे देते. जात कोणती म्हणून विचारलं की म्हणते, "साधंच आहे." मीही पुढे विचारत नाही. वाळल्यावर खरबुजाची जात ओळखता येत नाही, असं मी स्वतः एका परिपत्रकात लिहिलं होतं. ताटली मात्र अजून परत करायची राहिली आहे. रिकामी ताटली शेजारी पाठवत नाहीत आणि तिच्यावर काय घालायचं ते ठरेना. दरम्यान माझा लॅपटॉप तापायला लागला, म्हणून मी ती उपडी करून त्याच्याखाली ठेवली आणि तिचा विषयच मिटला.

मोमोचा मुलगा रजब. त्याने पंचवीस वर्षं ऊर्गेंच ते खिवा बस चालवली. जग कुठे चाललंय हे आपल्याला इतरांच्या आधी पुढच्या काचेतून दिसतं, असं त्याला अजून वाटतं. भिंतीपलीकडे बादली उपडी घालून तो तिच्यावर उभा राहतो आणि सल्ले देतो.

"मतनियाज आगा, वाचक किती झाले?"

"चार."

"मागच्या महिन्यात?"

"चारच."

"म्हणजे घसरण नाही." त्याने दाढी खाजवली. "आगा, चुकतं कुठे सांगू? तुम्ही दुकान थाटलंत गल्लीच्या टोकाला आणि गिऱ्हाईक आहे बाजारात. माल तिकडे न्यायला नको? 'तंदिर'वर टाका."

'तंदिर', म्हणजे तंदूर, ही साइट तुम्हाला माहीत नसेल तर सुखी आहात. तिथे कोणीही आपल्या लेखाची लिंक टाकतो. आवडलं तर लोक निखारा देतात, नाही आवडलं तर पाणी ओततात. पन्नास निखारे झाले की लेख पहिल्या पानावर चढतो आणि हजारो लोक तो वाचतात. निदान हजारो लोक त्यावर येऊन जातात.

"पण नाव बदला," रजब म्हणाला. "काय आहे नाव?"

"आयदीन: एका अनोंदणीकृत जातीची बाह्य लक्षणे."

"मला वाटलं बसमध्ये तिकीट तपासनीस चढला. असं लिहा, 'हे खरबूज खाल्लं आणि सासू वर्षभर गप्प झाली.'"

"माझ्या सासूबाई त्याआधीच वारल्या."

"ते वाचकाला कुठे ठाऊक?"

शेवटी तडजोड होऊन नाव ठरलं, 'हे खरबूज कुणी पाहिलंय का?' आणि मी लिंक टाकायला बसलो. तर म्हणे आधी विभाग निवडा. विभाग चौदा. 'शेती' विभाग दुरुस्तीसाठी बंद. खेळ, लग्न, वाहन, कुस्ती (हा खेळांपासून वेगळा का, मला विचारू नका), आणि एक 'हरवले-सापडले'. मला वाटलं, हाच आपला. एक अर्ज समोर आला. उंची? मी लिहिलं, बावीस सेंटीमीटर. अंगावरील कपडे? पांढरी साल, देठाशी हिरवं कडं. शेवटचे कुठे दिसले? आईच्या अंगणात. पासपोर्ट क्रमांक? ही जागा मी कोरी सोडली.

दोन दिवसांनी उत्तर आलं: 'व्यक्तीचे छायाचित्र जोडावे.' छायाचित्र होतं कुठे? मी आठवून आठवून पेन्सिलीने चित्र काढलं, छायाबिया दिली, पाठवलं. उत्तर आलं: 'छायाचित्रात व्यक्तीचा चेहरा स्पष्ट दिसत नाही.' मी एकतीस वर्षं सरकारी अर्ज नाकारत आलो. अर्ज नाकारलेल्या माणसाला घरी जाऊन जेवण कसं जात असेल याचा विचार मी त्या दिवशी प्रथम केला. मग माझी पोस्ट 'पाककृती' विभागात गेली आणि तिला एक निखारा मिळाला.

"मीच दिला," भिंतीवरून रजब म्हणाला.

"कशी वाटली पोस्ट?"

"आगा, निखारा द्यायला वाचावं लागत नाही. हीच तर त्यातली सोय आहे."

पुढचा सल्लाही त्याचाच. आपण दुसऱ्यांकडे गेलो तर दुसरे आपल्याकडे येतात, तेव्हा इतरांच्या लेखांवर जाऊन दोन शब्द लिहा. हे मला पटलं. समरकंदच्या एका बाईंनी 'माझ्या बाल्कनीतलं पहिलं कलिंगड' असा फोटो टाकला होता. मी दोन शब्द लिहिले नाहीत, चार परिच्छेद लिहिले. पानांची कड, लव आणि देठाचा कोन पाहता तो भोपळा असल्याचं पुराव्यानिशी दाखवून दिलं आणि शेवटी, सवयीने, 'नमुना अमान्य' असा शेरा मारला. त्या बाईंचे चाहते दोन हजारांवर निघाले. संध्याकाळपर्यंत माझ्या पोस्टवर सतरा जणांनी पाणी ओतलं. एका निखाऱ्यावर सतरा पाणी म्हणजे काय होतं ते सांगायला नकोच.

सानोबर म्हणाली, "लोकांचं नापास करायचा तुम्हाला पूर्वी पगार मिळायचा. आता फुकट कशाला करता?"

मी त्या दिवशी चहाखान्यात जाऊन तोंड पाडून बसलो. आमच्या मोहल्ल्याचे अक्सकाल कुरानबाय तिथेच असतात. मोहल्ल्यातलं लग्न, भांडण, नळजोड, सगळं त्यांच्या पांढऱ्या दाढीखालून जातं. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"पन्नास निखारे लागतात?"

"हो."

"आपल्या मोहल्ल्यात घरं किती?"

"सत्तर."

"मग परक्यांच्या दाराशी कशाला गेलास? मोहल्ला मेला का?" त्यांनी पियाला खाली ठेवला. "शुक्रवारी नमाजानंतर हशर. तुझ्या अंगणात. येताना सगळ्यांनी मोबाइल आणायचे."

आता हे ऐकून तुम्ही हसाल. पण आमच्याकडे पाट उपसायचा असो की कुणाचं छप्पर चढवायचं असो, हशर बोलावली की अख्खा मोहल्ला येतो, काम करतो, जेवतो आणि जातो. असलं काम एकट्याने करणाऱ्या माणसाला लोक आजारी समजतात. छपराला जे चालतं ते खरबुजाला का चालू नये? अक्सकालांना तसं वाटलं, मलाही वाटलं, आणि त्रेसष्ट माणसांपैकी एकालाही वेगळं वाटलं नाही. चूक झाली ती सर्वानुमते झाली.

शुक्रवारी मी पोस्ट नव्याने टाकली आणि त्रेसष्ट जण आले. तिघांनी तरीही फावडी आणली होती, न जाणो लागलीच तर. हशरीला पालोव, म्हणजे गाजर-मांसाचा भात, घालावाच लागतो, त्यामुळे सानोबर आणि बायका सकाळपासून गाजरं चिरत होत्या. पहिली अडचण वाय-फायची आली. पासवर्ड माझ्या मेहुण्याने घातला होता, आणि तो होता 'मतनियाजटक्कल'. तो मला माझ्याच अंगणात उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असा, त्रेसष्ट माणसांना सांगावा लागला. मागच्यांना ऐकू आला नाही म्हणून दोनदा सांगावा लागला.

मग खाती उघडणं. साइट प्रत्येकाला विचारत होती की तुम्ही माणूस आहात की यंत्र, आणि माणूस असाल तर या चित्रांतल्या सायकली दाखवा. अक्सकालांनी मोबाइल दूर धरला.

"मला विचारतंय? मी माणूस आहे का म्हणून?"

"सगळ्यांनाच विचारतंय, ओता," रजब म्हणाला.

"मी या मोहल्ल्यात चारशे लग्नं लावली आहेत. ते लिही आणि पाठव."

लिहिता येत नव्हतं. शेवटी त्यांनी सायकली दाखवल्या, पण अपमान विसरले नाहीत. ज्यांच्याकडे मोबाइल नव्हता त्यांना रजबने आपला आणि आपल्या बायकोचा जुना मोबाइल फिरवला. एक्केचाळिसावा नंबर पोश्शा मोमोचा होता. ती गाजरांपाशी बसली होती.

"अंगठा कुठे लावू?" तिने विचारलं.

"इथे, आई."

"जमिनीचं काही नाही ना?"

"नाही गं, शेजारच्या आगांचं आहे."

"मग बरं," म्हणून तिने गाजराने माखलेला अंगठा टेकवला. काच केशरी झाली, पण निखारा पडला.

बावीस मिनिटांत त्रेसष्ट निखारे. माझी पोस्ट पहिल्या पानावर दुसऱ्या क्रमांकाला चढली, एका पैलवानाच्या लग्नाच्या खाली आणि सरकारच्या एका घोषणेच्या वर. माझ्या ब्लॉगवर तीनशे सहा माणसं आली. तीनशे सहा. आणि त्यातल्या एकाने खाली लिहिलं, 'हे खरबूज तर आमच्याकडे'. पुढचं वाचायला मी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि पान पांढरं झालं. पहिल्या पानावर आमची पोस्ट अकरा मिनिटं जगली.

पत्र संध्याकाळी आलं. 'एकाच घरातून बावीस मिनिटांत त्रेसष्ट निखारे देण्यात आले. हे मानवी वर्तन वाटत नाही. खाते स्थगित. नियंत्रक क्र. ४.'

मी सविस्तर उत्तर लिहिलं. हशर म्हणजे काय, ती कधीपासून चालत आली आहे, पालोव किती केला होता. सोबत त्रेसष्ट नावांची यादी जोडली आणि तिच्यावर अक्सकालांनी मोहल्ला समितीचा गोल शिक्का मारला. नियंत्रक क्रमांक चारचं उत्तर एका ओळीचं होतं: 'शिक्का ग्राह्य नाही.' हे वाचून मी लॅपटॉप मिटला. सानोबरने मला पाणी आणून दिलं. मला ते तीन शब्द आयुष्यात कुणी म्हणालं नव्हतं, मीच म्हणत आलो होतो.

त्याखाली अट होती. प्रत्येकाने लेखात काय आहे ते स्वतःच्या शब्दांत दोन वाक्यांत लिहावं, तीन दिवसांत. नाही तर 'खरबुजांची वही' तंदिरवर कायमची बंद. म्हणजे ते अर्धवट वाक्यही कायमचं गेलं. आणि मला तर त्या वाक्याच्या पलीकडे बी दिसत होतं.

अक्सकालांनी फर्मान काढलं आणि मोहल्ला नाइलाजाने वाचायला बसला. उत्तरं आली. शिंपी हैतबायने लिहिलं: 'पालोव छान होता. गाजर जरा जास्त शिजलं होतं.' अक्सकालांनी लिहिलं: 'लेखक आमच्या मोहल्ल्यातला आहे. एवढं पुरे.' कोपऱ्यावरच्या नानवाल्याने लिहिलं: 'मतनियाजची आई भली बाई होती. तिने तंदूर पेटवला की आधी पोरांना नान द्यायची.' हे वाचून मी चष्मा पुसला, आणि मग जे करायला नको होतं ते केलं. मी सगळी उत्तरं सुधारली. वाक्यं सरळ केली, गाजरं काढली, योग्य तिथे 'बाह्य लक्षणे' घातलं, आणि पाठवली. नियंत्रक क्रमांक चार म्हणाले: 'सर्व उत्तरे एकाच व्यक्तीने लिहिलेली दिसतात. उद्या सायंकाळपर्यंत मूळ उत्तरे पाठवावीत.'

मी घरोघरी फिरून माफी मागितली आणि गाजरं परत घातली. राहता राहिले दोघे. रजब भिंतीवर आला.

"आगा, त्या तुमच्या लेखात काय आहे ते जरा दोन वाक्यांत सांगता का?"

"तू अजून वाचला नाहीस?" मला खरंच लागलं. दोन महिने हा माणूस बादलीवर उभा राहून मला वाचक मिळवून देत होता.

"वाचणारच आहे. पण चष्मा आईने कुठे ठेवलाय कुणास ठाऊक. तुम्हीच या आमच्याकडे आणि वाचून दाखवा. आईचंही राहिलंय, दोघांचं एकदम होईल."

म्हणून मी गेलो. मोमो खिडकीपाशी गादीवर बसली होती, पुढ्यात चहा, नान आणि तिची ती सुक्या खरबुजाची वेणी. मी एक तुकडा तोडून तोंडात टाकला, घसा खाकरला आणि वाचायला लागलो. रजब पहिल्या परिच्छेदात भिंतीला टेकला, दुसऱ्यात पेंगला. मोमो मात्र मान हलवत ऐकत होती. माझा लेख कुणी शेवटपर्यंत ऐकतंय हे पाहून माझा आवाज चढला.

"थांब," ती म्हणाली. "ते बीचं परत वाच."

"बी लांबट, पिवळसर. टोकाला काजळाचं बोट टेकल्यासारखा काळा ठिपका."

मोमोने पियाला खाली ठेवला.

"मतनियाज, तू अजून कचेरीत आहेस?"

"नाही, मोमो. सात वर्षं झाली."

"शिक्का?"

"परत केला."

"त्यांनी परत बोलावलं तर जाशील?"

"मला कोण बोलावतंय?"

"तेही खरंच." ती रजबकडे वळली. "ऊठ. वरच्या फडताळातला माझा लोकरी मोजा आण."

रजब दचकून जागा झाला. "तो? त्याला हात लावलास तर घरात घेणार नाही म्हणाली होतीस."

"आता लाव म्हणतेय ना."

मोज्याला गाठ होती. मोमोने ती दातांनी सोडवली आणि मोजा पुढ्यात अंथरलेल्या दस्तरखानावर उलटा केला. मी आयुष्यात लाखो बिया तपासल्या असतील. सवयीने भिंग काढलं, पण लगेच खिशात ठेवलं. डोळे भरल्यावर भिंगातून काही दिसत नाही. आणि तशी गरजही नव्हती. प्रत्येक बीच्या टोकाला काजळ होतं.

"कुठे लावतेस?" मी कसंबसं विचारलं.

"गोठ्यामागे. तुझ्या भिंतीवरून दिसत नाही तिथे. तुझ्या तपासणीच्या दिवसांत वर गोधड्या वाळत घालायची."

"आणि हे?" माझ्या हातात वेणीचा तुकडा होता.

"तेच. ताजं टिकत नाही ना, बोट लागलं की तडकतं. म्हणून सगळं वाळवते. तुला सालीसकट कसं देणार होते मी? सालीवरून ओळखलं असतंस."

"म्हणजे आगा," रजब म्हणाला, "तुम्ही तेच चघळत चघळत त्याचाच शोध घेत होतात. एवढे दिवस."

"रजब, गप्प बस," मोमो म्हणाली. मग मला म्हणाली, "आयदीन-बियदीन आम्ही नाही म्हणत. ते तुझ्या घरचं नाव. आम्ही याला ओगुलजान म्हणतो."

ओगुलजान माझ्या आईचं नाव.

"तिनेच दिलं होतं बी, भिंतीवरून," मोमो म्हणाली. "एकदा ताटली परत करताना तिच्यावर घालायला घरात दुसरं काही नव्हतं म्हणून."

"मला वाटायचं ते जातीचंच नाव आहे," रजब पुटपुटला. "लहानपणापासून ऐकतोय, ओगुलजान तोड, ओगुलजान सोल. तुमच्या आईला आम्ही पोरं काकूच म्हणायचो. काकूला नाव असतं हे कुणाच्या डोक्यात येतं?"

आता ते सांगायला हवं. आईच्या चाळिसाव्या दिवसानंतर मी तिची पेटी आवरायला घेतली. आत एकोणीस पुरचुंड्या निघाल्या. लेबल नाही, नोंद नाही, शिक्का नाही. याहून कमी बियाण्यासाठी मी लोकांना बाजारातून हाकललं होतं. स्वतःच्या घराला वेगळा नियम कसा लावायचा? मी त्या सगळ्या तिच्याच तंदुरात घातल्या आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन ते सांगितलं. साहेबांनी कौतुक केलं. सानोबर तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. त्या तीन दिवसांत आपण काय जाळलं ते मला हळूहळू कळत गेलं, आणि तेव्हापासून ते कळणं थांबलेलं नाही.

"मोमो," मी म्हणालो, "आईबरोबर गेलं असं मी लिहिलंय, ते खोटं आहे. मीच ते..."

"जाळलंस. माहीत आहे. धूर आमच्या अंगणात आला होता."

मी मान खाली घातली.

"तू वाईट नव्हतास रे," ती म्हणाली. "तुझा नियम होता. पण बी राखायचं तर तुझ्यापासूनच राखावं लागणार होतं, म्हणून राखलं." तिने माझ्या पियाल्यात चहा ओतला. "खा तो तुकडा. हातात धरून काय बसलास?"

मी खाल्ला. वाळल्यावर जात ओळखता येत नाही हे परिपत्रक कुणी तरी मागे घ्यायला हवं.

चार दिवसांनी खातं सुरू झालं आणि ते अर्धवट वाक्यही पुरं दिसलं. 'हे खरबूज तर आमच्याकडे गाढवंही खात नाहीत.' लिहिणाऱ्याने सोबत फोटो जोडला होता, तो भोपळ्याचा होता. मी त्यावर काही लिहिलं नाही. पण हे नंतरचं. त्या दुपारी रजबला एकाएकी आठवलं.

"आई, दोन वाक्यं राहिली. आगा, मोबाइल काढा. आई सांगेल, तुम्ही लिहा."

"कुणाला पाठवायची?" मोमोने विचारलं.

"ताश्कंदच्या एका साहेबांना. तुला लेखातलं काय कळलं ते सांग."

मोमोने थोडा विचार केला. बिया एकेक करून मोज्यात परत भरल्या, गाठ मारली आणि मोजा मांडीखाली ठेवला. मग तिने सांगितलं आणि मी लिहून घेतलं: "मतनियाज चांगलं लिहितो, पण त्याने सगळ्या जगाला विचारलं आणि भिंतीवरून मला विचारलं नाही. बी माझ्याकडे आहे, पेरणीच्या वेळी मूठभर देईन, पण आधी माझी निळी ताटली परत कर म्हणावं."

मी ते एक अक्षरही न सुधारता पाठवलं. मग घरी आलो, लॅपटॉपखालची ताटली काढून धुतली, आणि तिच्यावर काय घालायचं ते विचारायला सानोबरकडे गेलो.